बारीक घंटेचे अकरा

आमच्या घरात किती वाजले हे कुणी बघत नसे, सगळे ऐकत. घड्याळ पुढच्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या फळीवर, आणि आम्ही दिवसभर मागे, चुलीपाशी नाहीतर अंगणातल्या नळापाशी. शिवाय तबकडीवरचे आकडे रोमन. आईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिच्या लेखी त्या नुसत्या काड्या होत्या. पण त्या घड्याळाला दोन घंटा होत्या, एक मोठी, जाड आवाजाची, आणि एक लहान, बारीक किणकिणती. तास पूर्ण झाला की जाड घंटा वाजायची. अर्ध्या तासाला बारीक घंटा वाजायची, आणि ती येणाऱ्या तासाचे ठोके द्यायची. म्हणजे साडेदहाला बारीक घंटेचे अकरा आणि अकराला जाड घंटेचे अकरा. नव्या माणसाचा हमखास गोंधळ व्हायचा. सायखेड्याचे मामा आले की बारीक घंटेचे आठ ऐकून आठाची एसटी गेली म्हणून कपाळाला हात लावायचे, आणि आई आतून हाक द्यायची, "आरं साडेसात झाले, बस. चा पी." बारीक म्हणजे अर्धा कमी. आम्हा दोघी बहिणींना हे पाढ्यांच्या आधी येत होतं.

घड्याळ हॉलंडचं, दीडदोनशे वर्षांपूर्वीचं. ते नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत कसं आलं हे लोक अजूनही विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यात 'तुमच्याकडे?' असा एक सूर असतो, तो मला बरोबर ऐकू येतो. आई देवळाली कॅम्पात एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे कामाला होती. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांचं शेवटचं आजारपण आईने काढलं, हगणं-मुतणंसुद्धा. एक दिवस बाईंनी घड्याळाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आ तारू," हे तुझं. त्यांच्या पुतण्यांनी नाक मुरडलं, पण दिलं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते टांग्यात मांडीवर घेऊन आणलं. अण्णा कारखान्यात फिटर होते. यंत्र म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांनी फळी ठोकली, पाणसळ लावून सरळ केली, आणि दर रविवारी अंघोळ झाल्यावर चावी द्यायचा मान स्वतःकडे ठेवला.

बघायचं ते आम्ही चित्रांसाठी. तबकडीच्या वर अर्धगोल पत्रा होता, त्यावर एक बंदर रंगवलेलं. लोलकाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर त्यातली होडी डुले, काठावरचा कोळी गळ वर करी आणि खाली सोडी, आणि मागच्या लाल कौलांच्या घराच्या दारात उभी असलेली एक बाई हात वर करून खाली आणी. सुमनताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला जेवू घालायचं ती त्या घड्याळासमोर बसून. तिने ठरवून टाकलं होतं की ती बाई कोळ्याची आई आहे आणि त्याला जेवायला हाक मारते आहे. "आणि तो काय म्हणतो?" मी विचारायची. "तो म्हणतो, आलो आलो. आणि येतच नाही मेला," असं म्हणून ती माझ्या तोंडात घास कोंबायची. मध्येच देवळालीच्या रानात तोफांचा सराव सुरू झाला की घड्याळाची काच थरथरायची आणि सुमनताई म्हणायची, बघ, समुद्र खवळला.

तिला लहानपणी गुडघे दुखून ताप यायचा. आई मिठाच्या पुरचुंडीने शेकायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वाढीचं दुखणं आहे, जाईल. ते गेलंही. मी पुढे नर्सिंगला गेले, तेव्हा पहिल्याच वर्षी शिकवलं की हा ताप सांध्यांना चाटून जातो आणि काळजाला चावतो. वर्गात मी वही मिटून बाहेर आले आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिले. पण त्या काळात आमच्या वस्तीत हे कुणाला ठाऊक असणार?

ताईला मनमाडला दिलं. मुलगा रेल्वेत, सासरा रेल्वेत, आमच्याच समाजातलं शिकलेलं घर. विहारात लग्न लागलं, आई चार गावांना सांगत सुटली. वर्ष सरलं नाही तोच ताईला पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागू लागली. रेल्वेच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळजाची झडप खराब आहे, जुनी आहे. 'जुनी' या एका शब्दाने आमचं घर बुडालं. आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारली, असं तिची सासू जाईल तिथे सांगू लागली. येणंजाणं बंद झालं. आई दोनदा मनमाडला गेली. दोन्ही वेळा उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला आत ताई खोकत होती, तो खोकला ऐकून आई आली, तोंड बघायला मिळालं नाही.

आमच्या समोर साळवेकाका राहायचे. गाडीवर तिकीट तपासायचं काम, त्यामुळे भुसावळपासून मुंबईपर्यंतच्या बातम्या त्यांच्याकडे. जयंती तोंडावर आली होती. जयंतीच्या आधी आमच्या वस्तीत घरातलं सगळं पितळ बाहेर निघतं, चिंच आणि राख लावून लख्ख होतं, मगच पताका लागतात. आईचा त्यात हात धरणारं कुणी नव्हतं. दरसाल ती अण्णांकडून घड्याळाच्या दोन्ही घंटाही उतरवून घ्यायची आणि तांब्या-परातींच्या रांगेत त्यांनाही घासायची. त्या दुपारीही दोन्ही घंटा चिंचेच्या कोळात बरबटून अंगणात पडल्या होत्या, आणि साळवेकाका ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आले, अंगावर काळा कोट तसाच.

"वहिनी," ते म्हणाले, "सुमन भेटली मनमाडच्या फलाटावर. उद्या सव्वाअकराच्या गाडीनं तिला मुंबईला नेतायत, मोठ्या दवाखान्यात. आपल्या स्टेशनात गाडी थांबंल जरा. तिनं निरोप दिलाय, आईला म्हणावं फलाटावर ये."

आईचे हात राखेत तसेच राहिले. "कशी हाय?"

"वाळलीय लय." काका खाली बघत म्हणाले. मग कोटाची बटणं चाळवत, "अजून एक बोलली. म्हणाली, आईला मला एकच विचारायचंय. तुम्हाला आधी ठाऊक व्हतं का? सासरचे म्हणतात ठाऊक व्हतं."

आई उठली, हात धुतले, आणि परत बसून घंटा घासायला लागली, इतक्या जोराने की मला वाटलं त्यांचं पितळ निघून येईल. नंतर एकदम म्हणाली, "ह्ये त्या पोरीला वाटतंय?" तिला दुसऱ्या दिवशी काय करायचं होतं ते त्या क्षणी ठरलं. लेकीच्या तोंडावर हात फिरवायचा आणि सांगायचं की बाई, आम्हाला ठाऊक नव्हतं. बाकी सगळं राहिलं तरी चालणार होतं.

अण्णांना सुट्टी मिळणार नव्हती. उशिरा घरी आले, दमलेले होते. घंटा जयंतीच्या दिवशी बसवू म्हणाले. आई म्हणाली, "नाय. सकाळी बसवाच. मला उद्या येळ कळली पायजे." तेव्हा अण्णांनी पहाटे उठून घंटा बसवल्या. कारखान्याचा भोंगा झाला तसे काटे लावले, लोलक हलवला आणि सायकलवर टांग टाकून गेले. जाताना मला म्हणाले, "ताईला सांग, अण्णा सुट्टीच्या दिशी मुंबईला येतील."

ताईला खापरावरचे मांडे आवडत. आमच्याकडे खापर नव्हतं, साळवेकाकूंच्या परसात होतं, पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं, खाली जाळ. सकाळपासून आई आणि काकू तिथेच होत्या. आई हाताच्या कोपरापर्यंत पोळी झुलवत मोठी करायची, पडद्यासारखी पातळ, आणि खापरावर टाकायची. मी जळण सरकवत होते. एप्रिलचं ऊन, चुलीचा धूर, काकूंचा रेडिओ. आमचं घड्याळ तिथवर ऐकू यायचं नाही. आई अधूनमधून म्हणायची, "कुंदे, उशीर नाय ना व्हायचा?" काकू म्हणायच्या, "न्हाई गं बाई, आत्ता तर ऊन भिंतीवर आलंय." मांडे फडक्यात गुंडाळून आम्ही आमच्या दारात पाय टाकला आणि घड्याळ वाजू लागलं. आई जागच्या जागी उभी राहिली, बोटांच्या पेरांवर मोजू लागली. मीही मोजले. बारीक घंटेचे अकरा.

"साडेधा," आई म्हणाली आणि तिने श्वास सोडला. "लय येळ हाय अजून."

त्या घराने आमचे कान असे घडवले होते. आम्ही दोघी घड्याळासमोरून मागे गेलो आणि दोघींपैकी एकीनेही काट्यांकडे पाहिलं नाही. आईने धुरकटलेलं तोंड धुतलं, हिरवं लुगडं काढलं, ते ताईने पहिल्या दिवाळीला दिलेलं. केस विंचरले. तीन पुडांच्या डब्यात खाली कैरीचा मेथांबा, मध्ये शेंगदाण्याची चटणी, वर घड्या घातलेले मांडे. पूड नीट बसेना, तर सगळं काढून परत भरलं. सावकाश. इतक्या महिन्यांत तिला मी अशी हलकी पाहिली नव्हती.

वाटेत रेल्वेचं फाटक लागायचं. ते बंद होतं. आम्ही उभ्या राहिलो आणि स्टेशनाकडून एक गाडी आली, नुकतीच सुटलेली, अजून वेग न घेतलेली. मी कुठल्याही गाडीला हात करायची. त्या वयात सगळीच पोरं करतात. मी फाटकाच्या दांड्यावर चढून हात केला, पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत. खिडक्यांतून कुणीकुणी हात केला. आईने डबा दुसऱ्या हातात घेतला. "कोणती गं ही?" मी विचारलं. "असंल कोणतीबी," आई म्हणाली, "आपल्या गाडीला येळ हाय."

फलाट झाडून ठेवल्यासारखा रिकामा होता. आई बाकावर बसली, पदर सारखा केला, डबा मांडीवर घेतला. मी वर पाहिलं. फलाटावरच्या घड्याळाचे आकडे मला वाचता येत होते. मी आईला सांगितलं, साडेअकरा होत आलेत. ती म्हणाली, "बिघडलं असंल." मग चहावाला कपबश्या विसळत होता, त्याला तिने विचारलं, "भाऊ, सव्वाअकराची लेट हाय का?"

"ती गेली की, मावशी. येळेवर गेली."

"आशी कशी जाईल? आमच्यात आत्ता साडेधा झाले."

चहावाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. हात पुसत जवळ आला. "तुमी हिरव्या लुगड्यात येणार व्हत्या का?" त्याने विचारलं. "एक पोरगी उतरली व्हती. एक पाय पायरीवर, एक खाली. मला म्हणली, दादा, हिरव्या लुगड्यातली बाई दिसली का कुठं? नवरा आत ये, आत ये म्हणत व्हता. शिट्टी झाली तरी ती दांडा धरून बघतच व्हती."

आई आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. तिने डब्याचं कडं नुसतं दोन्ही हातांनी धरलं. हिरवं लुगडं ताईने मनात धरलेलं आणि आईने आपणहून काढलेलं, हे त्यांचं दोघींचं कुठे जुळलं होतं कोण जाणे. आम्ही पुढची गाडी आली तरी बसून होतो, त्याच्या पुढची आली तरी. घरी येताना फाटक उघडं होतं. तिथे पोचल्यावर मला कळलं की मी कुठल्या गाडीला हात केला. मी आईकडे पाहिलं, तर ती रुळांकडे बघत चालली होती. तिला माझ्याआधी कळलेलं होतं. ताई कुठल्या बाजूच्या खिडकीत होती, झोपली होती की बसली होती, तिला फाटकावरची पोरगी दिसली का, हे मी चाळीसहून अधिक वर्षं स्वतःला विचारते आहे. दिसली असली तरी वाईट आणि नसली तरी वाईट.

संध्याकाळी अण्णा हसतच आले. "काय म्हणाली सुमी?" तेवढ्यात घड्याळाने सहा ठोके दिले, बारीक घंटेचे. अण्णांनी वर पाहिलं. काटे सरळ उभे, सहाला सहा. ते घड्याळापाशी गेले, त्याचं मागचं दार उघडलं, आणि आत बघत उभे राहिले. कितीतरी वेळ त्यांची पाठच दिसत होती.

"घंट्या उलट्या बसल्या," ते म्हणाले. "हिच्या जागी ती, तिच्या जागी ही." त्यांचा आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. त्यांनी पेचकस घेतला.

"राहू द्या," आई म्हणाली.

"एका मिनटाचं काम हाय गं."

"राहू द्या. आता कुणाची गाडी गाठायचीय?"

अण्णांनी पेचकस खाली ठेवला. पुढच्याच सुट्टीला ते मुंबईला गेले. दवाखाना शोधण्यात आणि आत सोडा म्हणून विनवण्यात दिवस गेला, सासरच्यांनी भेटू दिलं नाही. पावसाळा लागायच्या आत साळवेकाकाच बातमी घेऊन आले. तोवर सगळं उरकलंही होतं, मुंबईतच. आम्हाला माती द्यायलाही कुणी बोलावलं नाही. आईने काकांना एवढंच विचारलं, "तिला कुणी सांगितलं का?" काय ते काकांना कळलं नसावं. मला कळलं, अण्णांनाही. आणि तिला सांगणारं तिथे कुणी नव्हतं हे तिघांनाही ठाऊक होतं.

मध्यंतरी जुन्या वस्तूंची आवड असलेले एक गृहस्थ माझ्या फ्लॅटवर आले होते. घड्याळ पाहून हरखले, मग कान देऊन म्हणाले, "मॅडम, याच्या घंटांची अदलाबदल झालीय. दोन मिनिटांत करून देतो." मी त्यांना चहा विचारला आणि विषय बदलला. आढ्यता वाटली असेल त्यांना.

आईने त्यानंतर ठोके मोजणं सोडलं. वेळ लागली तर मला विचारायची. मी आणि अण्णा उलटं शिकलो, बारीक म्हणजे पूर्ण आणि जाड म्हणजे अर्धा कमी. अण्णा रविवारी चावी देत, पण पुढच्या खोलीत बसत नसत. भांडण म्हणून त्या दोघांत कधी झालं नाही. मला वाटे, एकदा कडाकडा भांडले असते तर बरं झालं असतं. आईने घंटा उतरवायला लावल्या आणि पहाटे बसवायलाही लावल्या, म्हणून ती स्वतःला खात होती. अण्णांचा हात यंत्रावर चुकला होता, म्हणून ते स्वतःला. दोघं एकमेकांना जेवायला वाढत आणि खाली मान घालून जेवत. जयंतीला पितळ निघायचं, घंटा मात्र तशाच काळ्या पडत गेल्या.

पुढे मी नर्सिंग शिकत होते तेव्हा आईच्या पोटात गाठ निघाली. शेवटी शेवटी दवाखान्यानेच घरी न्या म्हणून सांगितलं. तिची खाट आम्ही पुढच्या खोलीत टाकली, उजेडात. मी सुट्टी घेऊन आले होते. अण्णा निवृत्त झालेले, दाराच्या चौकटीला टेकून बसून असत. आई कधी शुद्धीत असे, कधी सायखेड्याला, नदीवर. घड्याळातला कोळी गळ वर-खाली करत होता, बाई हात वर-खाली करत होती.

एका सकाळी मी तिचं अंग पुसून दिलं, केसांवरून कंगवा फिरवला. ती छताकडे बघत होती. घड्याळ वाजू लागलं. तिची बोटं पांघरुणावर हलताना मला दिसली. इतक्या वर्षांनी ती पेरांवर मोजत होती. बारीक घंटेचे अकरा झाले आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला, त्या दिवशी दारात झाला होता तसाच.

"साडेधा," ती म्हणाली. "कुंदे, लय येळ हाय अजून. डबा भर."

काटे माझ्या समोर होते. अकरा वाजले होते. मी तोंड उघडलं आणि अण्णांकडे पाहिलं.

"हाय, हाय," अण्णा म्हणाले. "गाडीला लय येळ हाय."

मी मागे गेले. तो तीन पुडांचा डबा फळीवर सगळ्यात मागे होता, त्या दिवसानंतर कुणी वापरला नव्हता. मी तो धुतला, पुसला, आणि घरात होतं ते भरलं, भाकरी, वरण, थोडा गूळ. कडं लावून तिच्या हाताशी आणून ठेवला. तिने चाचपून पाहिलं, पूड नीट बसलंय ना ते. मग डोळे मिटून म्हणाली, "आधी तिला सांगते. डबा मग."

अण्णा उठले. भिंतीचा आधार घेत कोपऱ्यात गेले, आईच्या चपला घेऊन आले, आणि खाटेच्या पायथ्याशी जोडीने ठेवल्या.